पहिला बाद, पहिला जिवंत

भाऊंची शोकसभा कबड्डी टीमच्या हॉलमध्ये झाली. पिंपळे सौदागरला एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर टीमचं ऑफिस आहे, त्याला लागूनच हा हॉल. भिंतींवर काचेच्या चौकटींत जर्सी लावलेल्या. समोरच्या पडद्यावर भाऊंचा फोटो होता आणि त्यातही त्यांच्या अंगात टीमची केशरी जर्सी होती. ती त्यांनी आयुष्यात एकदाच घातली, फोटोपुरती. फोटो झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन काढली आणि नीट घडी घालून परत दिली. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण त्यांना टीमचा आधारस्तंभ म्हणत होता. मागे भिंतीला टेकून कंपनीच्या जुन्या प्रेस शॉपची माणसं उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती बसली नाहीत. माझ्या शेजारी टीममधला एक तरुण खेळाडू होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, ये सर खुद खेलते थे क्या?" मी हो म्हटलं. त्यापुढे मला काही सांगता आलं नाही.

ते आता लिहायला बसले आहे. मला भरभर लिहिता येत नाही. आणि भाऊंविषयी लिहिताना शब्द उलटसुलट करून पाहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती सवय मला त्यांनीच लावली.

भाऊ म्हणजे दत्तात्रय, चाकणजवळच्या एका गावातल्या शेतकरी घरातले धाकटे. त्यांचे वडील तात्या यांनी भोसरीत एका शेडमध्ये प्रेस मशिन टाकून गाड्यांचे पत्र्याचे भाग करायला सुरुवात केली. त्यातून कंपनी उभी राहिली. थोरले बंधू अण्णा चेअरमन झाले. भाऊ डिप्लोमा करून आले ते मशिनवर उभे राहिले. मग सुपरवायझर, मग मॅनेजर, आणि तात्या गेल्यावर मॅनेजिंग डायरेक्टर. घराण्याकडे पुढे व्यावसायिक कबड्डीची टीम आली आणि पेपरांत या घराची ओळख 'टीमचे मालक' अशी छापून येऊ लागली. भाऊंना ती कधी मानवली नाही. "आमी पत्र्याची माणसं," ते म्हणायचे.

मी लातूरकडची, मराठीत एम.ए. केलेली, नवऱ्याच्या नोकरीमुळे थेरगावात येऊन राहिलेली. कंपनीला सूचनाफलक, सुरक्षेच्या पाट्या आणि वर्षातून एकदा निघणारी गृहपत्रिका लिहायला कुणीतरी हवं होतं. मुलाखतीत भाऊंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं.

"हितं काय चुकलंय?"

पाटी होती, 'सुरक्षीततेस प्राधान्य द्या'.

"'क्षि' ऱ्हस्व पाहिजे," मी म्हटलं.

ते शेजारी बसलेल्या पर्सोनेलच्या साहेबांकडे वळले. "बघा. आपुन सगळे रोज हिच्याखालनं गेलो. सुरक्षित कसे ऱ्हायलो कोण जाणे."

त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई झाले. पाहुण्यांच्या हेल्मेटवर इंग्रजीत लिहिलेलं होतं ते मराठीत करायला त्यांनी मला सांगितलं. मी 'अभ्यागत' सुचवलं. भाऊंनी शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. "भिक्षा मागाय आल्यावानी वाटतंय. 'पाहुणा' लिहा. पाहुण्याला निदान च्या तरी मिळतो." लाल हेल्मेटांवर पांढऱ्या रंगात 'पाहुणा' लिहिलं गेलं.

ते बोलायचे एका दमात. मीटिंगमध्ये पाळी आली की छातीभर श्वास घ्यायचे आणि तो संपेपर्यंत जे बोलायचं ते बोलायचे. श्वास संपला की वाक्य असेल तिथे तुटायचं. "दम संपला. आता तुमी." मग समोरचा बोलून होईपर्यंत एक अक्षर नाही. गाडी कंपन्यांचे खरेदी अधिकारी पहिल्या भेटीत गोंधळून जायचे. एकाने बाहेर आल्यावर मला विचारलं, साहेबांना दमा आहे का? भाऊंच्या कानावर ते गेलं. "दमा न्हाई, दम हाय," ते म्हणाले. पुढे दमही लागू लागला, फुप्फुसांनी दगा दिला, पण ते नंतरचं.

दुसरी सवय दाराची. कुणाच्याही केबिनमधून, बँकेतून, कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून बाहेर पडताना ते चौकटीला हात लावायचे. आत जाताना नाही, फक्त परत येताना. बरोबरचे लोक समजत की काही देवाधर्माचं असेल. "परक्याच्या अंगणात जायचं, आणि मध्यरेषेला हात लावून माघारी यायचं. हात लागला की आपुन जिवंत," असं त्यांनी मला एकदा जिना उतरताना सांगितलं. तरुणपणी ते कंपनीच्या कबड्डी संघात चढाई करायचे. उजव्या हाताचं मधलं बोट एका पकडीत मोडलं आणि अर्ध्यातून वाकडं बसलं. त्यामुळे त्यांनी दोन बोटं दाखवली की दीडच दिसायची. कँटीनमध्ये त्यांनी लांबून दोन चहाची खूण केली की मुकुंदा काउंटरवरून ओरडायचा, "भाऊंचा दीड आणा रे." चिठ्ठी फाडतानाही तो 'दीड' असंच म्हणायचा.

हा संघ तात्यांनी काढलेला. प्रेस शॉपच्या मागे लाल मातीचं मैदान होतं. चांगला खेळणारा गडी दिसला की त्याला कंपनीत नोकरी द्यायची, पहिली शिफ्ट सुटली की मैदानावर उतरवायचं, आणि कामगारांच्या स्पर्धांना न्यायचं. या भागातल्या बऱ्याच कंपन्यांची ही जुनी पद्धत होती. सोपान असाच आला. चाकणच्या पलीकडच्या एका वाडीतला, बारीक चणीचा, प्रेसवर जितका सावध तितकाच मैदानावर निसटता. चढाईआधी मांडीवर थाप मारायची त्याची सवय शॉपमध्येही सुटली नव्हती. मशिन सुरू करण्याआधीही तो थाप मारायचा.

आता त्या सूचनेविषयी. गाड्यांची मागणी पडली होती. चाकणच्या मोठ्या कंपन्यांनी शिफ्ट कमी केल्या, तेव्हा आमच्याकडचं काम आटलं आणि प्रेस शॉपमधल्या काही जणांना घरी बसवायचं ठरलं. इंग्रजी मसुदा माझ्या टेबलावर आला. मी लिहिलं, 'खालील कामगारांची सेवा तूर्त खंडित करण्यात येत आहे.' भाऊंनी वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"खंडित काय, मास्तरीणबाई? मूर्ती हाय का? खंडित मूर्तीचं काय करत्यात?"

"विसर्जन."

"मंग? 'बाद' लिहा."

"भाऊ, बाद म्हणजे टाकाऊ. लोकांना अपमान वाटेल."

"पुस्तकात आसंल. मैदानावर बाद म्हंजी भाईर बसलेला. गेलेला न्हाई. आपल्या गड्यानं गुण आणला की भाईर बसलेला एक जण उठून आत येतो. जिवंत होतो. कोण उठतो सांगा?"

मला माहीत नव्हतं.

"जो पहिला बाद झाला त्यो. लई चांगला खेळतो त्यो न्हाई, कॅप्टनचा मेव्हणा न्हाई. पहिला बाद, पहिला जिवंत. तितं वशिला चालत न्हाई."

फळ्यावर अखेर कायद्याच्या भाषेतलीच सूचना लागली. पण शिफ्ट सुटताना भाऊ स्वतः गेटवर उभे राहिले आणि एका दमात हेच बोलले. कुणी हेल्मेट जमा करायचं नाही असं सांगितलं. शॉपच्या आतल्या भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून घेतली, तिला खुंट्या लावल्या, आणि माणसं ज्या क्रमाने बाहेर गेली त्या क्रमाने त्यांची पिवळी हेल्मेटं टांगली. प्रत्येकावर पेंटरने घातलेलं नाव. आत काम करणाऱ्यांच्या नजरेसमोर ती दिवसभर असायची.

काम थोडं परतलं तेव्हा प्लांट मॅनेजरला टूलरूममधला, प्रेसचे साचे सांभाळणारा एकच माणूस हवा होता, आणि तो पट्टीवर बराच मागे होता.

"भाऊ, डाय दुरुस्त करणारा दुसरा नाही. आधीच्यांना घेऊन मी काय करू? पहिला तर पिऊन येतो."

"पितो म्हनून बाद झालता का? काम नव्हतं म्हनून झालता."

"पण काम अजून नाहीच आहे ना."

"मंग गुण आणाय पायजे," भाऊ म्हणाले आणि गाडी काढून चाकणला गेले. ग्राहकांच्या ऑफिसांत बसून राहिले, रांजणगावपर्यंत फिरले, आणि टूलरूमच्या त्या माणसापर्यंत सगळी पट्टी रिकामी होईल एवढं काम घेऊन आले. कसल्या भावात आणलं म्हणून अण्णा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पहिला माणूस पुढेही पीतच राहिला. पण कंपनीत 'जिवंत होणं' हा शब्द रुजला. कुणाला परत बोलावणं आलं की लोक पेढे मागायचे आणि म्हणायचे, "भावा, उठला का?"

अण्णांचा मुलगा रोहन परदेशात शिकून आला आणि त्याने टीम घेतली. आमच्या बोलण्यात तेव्हापासून दोन शब्द वेगळे झाले. 'संघ' म्हणजे मातीवरचा, प्रेस शॉपमधल्या माणसांचा. 'टीम' म्हणजे मॅटवरची, दिव्यांची, लिलावात घेतलेल्या खेळाडूंची. मुलगा वाईट नव्हता. त्याला कबड्डी खरोखर आवडायची आणि आजोबांचं नाव मोठं करावं असंही वाटायचं. अण्णा हरखून गेले. टीमच्या पहिल्या कार्यक्रमात मंचावर घरातली सगळी माणसं बसली, भाऊही बसले, आणि त्या दिवशीच तो जर्सीतला फोटो निघाला.

भाऊंनी एकदा टीमला कंपनीत जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर हरियाणाच्या चढाईपटूला मागे मातीवर नेलं. "सोपान, पाव्हण्याला आपली माती दाखव." तो मुलगा हसत हसत बूट काढून उतरला. दुसऱ्याच चढाईत सोपानने त्याचा घोटा असा धरला की तो तोंडावर मातीत आला. उठला तोही हसतच, आणि त्याने सोपानला मिठी मारली. सगळं शॉप टाळ्या वाजवत होतं. रोहन मात्र पांढरा पडला होता.

"काका, त्याच्या पायाचा इन्शुरन्स आहे. काही झालं असतं म्हणजे?"

"आणि सोपानच्या पायाचा?"

"काका, प्लीज. ते वेगळं आहे."

"व्हय," भाऊ म्हणाले. "वेगळं हाय खरं."

पुढे चाकणला नवा प्लांट उभा राहिला. भोसरीचं जुनं प्रेस शॉप बंद करायचं आणि मागच्या मैदानासकट त्या जागी टीमची अकादमी करायची असं ठरलं. भाऊंनी सही केली ती एका बोलीवर. शॉपमधल्या शेवटच्या खंडेनवमीला मशिनची पूजा झाली, अण्णांनी नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, नव्या प्लांटच्या लाइनी जशा चालू होतील तशी हीच माणसं क्रमाने आत घेऊ. मग भाऊ गेटवर उभे राहिले आणि त्यांनी आपला शब्द अण्णांच्या शब्दाला जोडला. "पहिला बाद, पहिला जिवंत," लोकांनीच त्यांच्याआधी म्हटलं. हेल्मेटं खुंट्यांवर गेली. या वेळी पट्टी अपुरी पडली, दुसरी ठोकावी लागली. तिसरं हेल्मेट सोपानचं होतं. संघातला गडी म्हणून त्याला शेवटपर्यंत कामावर ठेवा असं कुणी सुचवलं, तेव्हा तोच म्हणाला, "न्हाई. माझं मशिन आधी बंद झालंय. जितं हाय तितं लावा."

नव्या प्लांटच्या लाइनी चालू झाल्या. त्यांच्यावर ठेकेदाराची पोरं आली.

ज्या बैठकीत भाऊंनी हा विषय काढला तिच्या दाराबाहेर मी बसले होते. अकादमीच्या कार्यक्रमाची मराठी निमंत्रणपत्रिका दाखवायला मला बोलावलं होतं. दार अर्धं उघडं होतं. भाऊंनी श्वास घेतल्याचं बाहेर ऐकू आलं. त्या दिवसांत तो पूर्वीसारखा भरत नसे.

"अण्णा, खंडेनवमीला तू बोलला, तुझ्या बोलण्यावर मी गेटवर बोललो, ठेकेदाराची पोरं वाईट न्हाईत, ती बी कुणाची तरी हायेत, पर भाईर जी बसल्यात ती आपुन बसीवल्यात, बसीवताना सांगितलंय की उठवू, आणि आज सोपान टेम्पो चालवतोय, बाकीचे मिळंल ते करत्यात, कुणी दुसरीकडं पक्की नोकरी बघत न्हाई, का, तर भाऊ बोलवणार हायेत, मंग आता आपुन जर—"

वाक्य तिथे तुटलं.

"दम संपला, दत्ता," अण्णांचा आवाज आला. "आता आम्ही."

कुणीतरी हसलं. ते हसणं वाईट हेतूने नव्हतं. भाऊंचाच जुना विनोद होता तो. मग अण्णा बोलले, रोहन बोलला, आणि भाऊ त्यांच्या नियमाप्रमाणे शेवटपर्यंत गप्प राहिले. बाहेर आले तेव्हा माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. चौकटीला हात लावला नाही. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

त्यांना कंपनीच्या कामातून मोकळं करून टीमचे मार्गदर्शक संचालक करण्यात आलं. त्याची सूचना मलाच लिहावी लागली. फळ्यावर लावण्याआधी मी ती त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली. "शुद्ध हाय," म्हणाले.

माझं टेबल तेव्हा अजून भोसरीत होतं. काही दिवसांनी ते एकटेच जुन्या शॉपमध्ये आले. मशिनं हलवलेली, जमिनीवर नुसते त्यांचे तेलकट ठसे. गाडीतून आपलं पांढरं हेल्मेट काढून त्यांनी दुसऱ्या पट्टीच्या अगदी शेवटच्या खुंटीला टांगलं, आणि दोन पावलं मागे सरून ते सरळ आहे ना ते पाहिलं.

"भाऊ, हे कशाला?"

"मला बी भाईर बसीवलंय की. माझा नंबर ह्यांच्या मागं."

पिंपळे सौदागरच्या ऑफिसात त्यांना काचेची केबिन मिळाली. ते रोज जायचे, समोर आलेल्या कागदांवर सह्या करायचे, दुपारी घरी यायचे. मग श्वासाचा त्रास वाढला आणि जाणंही थांबलं. चिंचवडला त्यांच्या घरी मी अधूनमधून जात असे. एका रविवारी गेले तेव्हा सोपान आधीच आलेला होता. टेम्पो बाहेर लावून, पायरीशी चपला काढून, खुर्ची सोडून तो जमिनीवर बसला होता.

भाऊ म्हणाले, "काल अण्णा आलता. घरी, ह्या खुर्चीत बसला."

नव्या प्लांटचा माल ग्राहकाकडून परत येत होता हे आम्हाला माहीत होतं. ग्राहकाने स्पष्ट विचारलं होतं, तुमचे ते एका श्वासात बोलणारे साहेब कुठे आहेत?

"काय म्हनले?" सोपानने विचारलं.

"चल म्हणला. प्लांट तू बघ. झालं गेलं सोड. डोळ्यात पाणी होतं त्याच्या."

"मंग?"

"मी म्हणलं, अण्णा, माझा नंबर आजून आला न्हाई. भिंतीवर बघ माझ्या आधी किती हायेत. त्यांना घे, शेवटाला मी येतो."

सोपानने मांडीवर थाप मारली. "राजा मानूस हाय भाऊ तुमी. मानलं. आसं पायजे."

मलाही तसंच वाटलं होतं. वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. तिन्ही कप खाली ठेवत, आपल्या नादात असल्यासारख्या त्या म्हणाल्या, "अहो, पण सगळीच भाईर बसल्यावर गुण कोण आणायचा?"

त्यांनी आयुष्यात एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पाहुण्यांचं बघता बघता कानावर पडलं असेल तेवढंच. त्या पुन्हा आत गेल्या. भाऊंनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

सोपान त्यांच्या मदतीला धावला. "सगळे बाद झाले तर लोण हुतो की. मंग सगळेच उठत्यात."

"उठत्यात," भाऊ म्हणाले. "पर गुण समोरच्याला जात्यात." मग थांबून, श्वास गोळा करून, "आन् हितं उठवाय पंच बी न्हाई, सोपान."

ऑक्सिजनचं मशिन कोपऱ्यात घरघरत होतं. भाऊंचा चेहरा मी पाहिला नाही, पाहावासा वाटला नाही. त्यांनी सगळा जन्म जो नियम माणसं आत आणायला वापरला, त्याच नियमाने ते स्वतः दाराबाहेर बसून राहिले होते, आणि जे त्यांच्या शब्दावर थांबले होते ते त्यांच्यापुढे रांगेत तसेच बसले होते. अण्णा विचारायला आले होते आणि भाऊंनी त्यांना परत पाठवलं होतं.

"सोपान," शेवटी ते म्हणाले. "मी तुमच्या आधी आत गेलो तर चालंल का?"

मघाशी मांडी थोपटणारा सोपान आता बशीतल्या चहाकडे बघत होता. गेटवर दिलेला शब्द मोडायची परवानगी त्याच्याकडे मागितली जात होती, आणि तीही त्याच्याचसाठी.

"जावा," तो म्हणाला. "पर भाऊ, भिंतीवरचं तुमचं हेल्मेट काढू नका. त्ये नंबरानंच निघंल."

"न्हाई काढत."

अण्णांनी पुन्हा बोलावलं असतं की नाही कोण जाणे. भाऊंनी स्वतःच त्यांना फोन केला आणि दुसऱ्या दिवसापासून येतो म्हणाले. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. वहिनींनी डबा भरून दिला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडकंच आहे. भाऊ चाकणच्या प्लांटला आठवडाभरही जाऊ शकले नाहीत. लाइनीवरच उभे राहायचे, खुर्ची दिली तर तिच्या पाठीला धरून उभे राहायचे. मग हॉस्पिटल, आणि मग पिंपळे सौदागरचा तो हॉल. जुन्या शॉपच्या भिंतीवरची पहिली दोन हेल्मेटं भाऊंच्या त्या आठवड्यात निघाली, दोघं जण कामावर आले. त्या खुंट्यांमागे भिंतीवर धूळ नसलेले दोन गोल दिसतात. तिसरं सोपानचं अजून तिथेच आहे. त्याला बोलावणं आलेलं नाही. शोकसभेत मी अण्णांना त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बघू, हे दिवस जाऊ देत." रडून त्यांचे डोळे सुजले होते, आणि ते खोटं बोलत होते असं मला म्हणवत नाही. सोपान अजून टेम्पोच चालवतो. दुसरीकडे पक्की नोकरी बघ, असं त्याला सांगायला मी एकदा गेले होते, आणि न सांगताच परत आले.

मी भाऊंना शेवटचं पाहिलं ते त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी, चाकणच्या गेटवर. माझं टेबल तोवर तिथे हलवलं होतं. सकाळी ते आले तेव्हा गेटवरच्या नव्या सिक्युरिटीवाल्याने त्यांना अडवलं होतं. "सर, आपलं हेल्मेट?" भाऊ म्हणाले, "न्हाई आणलं. पाव्हण्याचं दे एक." जुन्या शॉपमधून नव्या प्लांटला काही आणलं असेल, तर ही लाल हेल्मेटं आणली होती. त्यातलं एक डोक्यावर ठेवून ते आत गेले. दिवसभर लोक लाइनीवरून मान वर करून बघत होते, आणि जुने सुपरवायझर नव्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होते.

संध्याकाळी आमची बस गेटबाहेर सुटायच्या बेतात होती. भाऊ बाहेर आले. चालता चालता एकदा थांबले, वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले, मग सरळ झाले. गेटच्या खांबापाशी आल्यावर त्यांनी हात लांब करून त्याला तळवा लावला. मग त्यांची नजर बसकडे गेली. खिडकीत मी दिसले असेन. ओरडून सांगण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटं दाखवली.

"दीड?" बसमधून कुणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, आणि आम्ही सगळे हसलो.

"दोन," मी म्हटलं.

ड्रायव्हरने गिअर टाकला. बस वळली तरी भाऊ तिथेच उभे होते, हात तसाच वर. डोक्यावर पाहुण्याचं हेल्मेट होतं. ते परत द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.